२.१३ अँगस्ट्रॉमची रेषा: जुन्या ३१६एच पाइपमधल्या अवक्षेपांची ओळख कशी चुकली आणि कशी पटली

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्रक्रिया-उद्योगातल्या ३१६एच स्टेनलेस स्टीलच्या जाड पाइपचे आहे. कारखाना ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत, तांत्रिक बाजू मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. पाइप सुमारे ६५० °से. ला साठ हजारांहून जास्त तास चालला होता. गळती नव्हती, फुगवटा नव्हता, जाडीही घटलेली नव्हती. नियोजित बंदच्या काळात एक जुना व्हॉल्व्ह काढून नवा बसवायचा, त्यासाठी पाइपचा हातभर तुकडा कापून त्या जागी नवा तुकडा वेल्ड करायचा, एवढेच काम होते.

कापलेला तुकडा उतरवताना पट्ट्यातून निसटला आणि कमरेइतक्या उंचीवरून काँक्रीटवर पडला. आवाज झाला तो स्टीलचा नव्हता. काठाचा तळहाताएवढा टवका उडाला होता. वेल्डरने तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "साहेब, हे स्टेनलेस आहे ना? बिडासारखं फुटलंय." तुटलेला पृष्ठभाग दाणेदार होता आणि उजेडात धरला की बारीक सपाट पैलू लकाकत होते. म्हणजे भेग दाण्यांच्या सीमांवरून, ग्रेन बाउंड्रीवरून, धावली होती. वाकून, ताणून मग तुटावे ही ३१६ ची जात. इथे वाकण्याचा मागमूस नव्हता.

अडचण

बंदला नऊ दिवस उरले होते आणि दोन प्रश्नांची उत्तरे हवी होती. जुन्या पाइपला नवा तुकडा वेल्ड करता येईल का? आणि वेल्डनंतर थंड पाण्याने दाब-चाचणी घेणे सुरक्षित आहे का?

दोन्हींची उत्तरे एकाच गोष्टीवर अडली होती: ग्रेन बाउंड्रीवर साठलेले कण नेमके कोणते? इतकी वर्षे तापलेल्या ३१६ मध्ये दाटीवाटीने अवक्षेप (स्टीलमधून वेगळे होऊन साठलेले बारीक कण) असणार, यात नवल नाही. वाइस आणि स्टिकलर यांनी १९७२ मध्ये याच स्टीलचा जो सविस्तर अभ्यास मांडला, त्यात एम२३सी६ कार्बाइड, सिग्मा, काय (ग्रीक अक्षर χ) आणि लाव्हेस अशा चार मुख्य फेज, म्हणजे ठरावीक अणुरचनेचे घटक, आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या बऱ्याचशा सारख्या दिसतात, वागणूक मात्र वेगळी.

एम२३सी६ ची रचना घनाकार असते. एका कोशात (रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्यात) ११६ अणू, त्यांपैकी ९२ धातूचे आणि २४ कार्बनचे. कोशाची बाजू सुमारे १०.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), म्हणजे या स्टीलच्या मूळ रचनेच्या, ऑस्टेनाइटच्या, ३.६ च्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे हे कार्बाइड ऑस्टेनाइटच्या कुशीत त्याच दिशेने, घनावर घन ठेवल्यासारखे बसते. त्याने गंजरोधकता घटते, चिवटपणाही काही प्रमाणात जातो, पण जाड पाइप कमरेच्या उंचीवरून पडून फुटावा इतका नाही.

सिग्माची गोष्ट निराळी. कोश चतुष्कोनी, बाजू साधारण ८.८ आणि उंची ४.५६ अँगस्ट्रॉम. आत ३० अणू, तेही पाच वेगवेगळ्या प्रकारच्या जागांवर. या अवघड मांडणीत घसरायला सोपी पातळीच सापडत नाही, म्हणून खोलीच्या तापमानाला सिग्मा वाकत नाही, तडकतो. बेन आणि ग्रिफिथ्स यांना १९२७ मध्ये तो एक कठीण, ठिसूळ घटक म्हणून दिसला. त्याची रचना पूर्ण सुटायला १९५४ साल उजाडले. बर्गमन आणि शूमेकर यांनी ती सोडवली. सिग्मा ग्रेन बाउंड्रीवर सलग पसरला असेल, तर थंड पाण्याची दाब-चाचणी म्हणजे धोक्याला आमंत्रण.

पहिला अहवाल आणि त्यावर घेतलेला निर्णय

टवक्याचा नमुना आम्ही बाहेरच्या एका प्रयोगशाळेला दिला. मागणीपत्रावर मी एकच ओळ लिहिली: "अवक्षेप ओळखा." कशासाठी, कोणता निर्णय त्यावर अवलंबून आहे, हे लिहिले नाही. ही पहिली चूक, आणि ती माझी.

अहवाल दीड दिवसात आला. पॉलिश केलेल्या चकतीवर थेट एक्स-रे डिफ्रॅक्शन घेतले होते; त्यात प्रत्येक रचना तिच्या अणूंच्या थरांमधल्या अंतरांवर आपापल्या रेषा देते. ऑस्टेनाइटच्या ठळक रेषा आणि त्यांच्या शेजारी, २.१३ अँगस्ट्रॉमवर, एक बुटका उंचवटा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधल्या रासायनिक विश्लेषणात काही कणांत मॉलिब्डेनम चढे होते. निष्कर्ष: "एम२३सी६ आणि एम६सी कार्बाइडे."

कागदावर हे पटण्यासारखे होते. एम६सी मध्ये मॉलिब्डेनम भरपूर असते. त्याचा घनाकार कोश ११.१ अँगस्ट्रॉमच्या आसपासचा, आणि त्याची (५११) ही रेषा (कंसातले आकडे म्हणजे अणूंच्या थरांचे नाव) बरोबर २.१३ ला पडते. कार्बाइडेच असतील तर उष्णता बेताची ठेवून वेल्ड करायला हरकत नाही, असे ठरले. चौथ्या दिवशी वेल्ड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डाय-पेनिट्रंट (भेगेत शिरणाऱ्या लाल रंगाच्या) चाचणीत जुन्या पाइपच्या बाजूला, वेल्डच्या कडेला समांतर, बोटभर लांबीची लाल रेघ उमटली. पुसून पुन्हा डेव्हलपर (भेगेतला रंग वर ओढणारा पांढरा थर) मारला, रेघ पुन्हा उमटली. नव्या पाइपच्या बाजूला काहीच नव्हते.

कार्बनचा हिशेब

त्या सकाळी शंका पहिल्यांदा काढली ती आमच्यातल्या सगळ्यांत तरुण धातुशास्त्रज्ञाने. तिने एक साधा प्रश्न विचारला: "एवढा कार्बन आला कुठून?"

पाइपच्या मूळ प्रमाणपत्रावर कार्बन ०.०५ टक्के होता. एम२३सी६ मध्ये वजनाने साधारण साडेपाच टक्के कार्बन असतो. म्हणजे स्टीलमधला सगळा कार्बन त्यात गेला, तरी हे कार्बाइड एक टक्क्याच्या आतच राहणार. एम६सी मध्ये कार्बन कमी लागतो, सुमारे अडीच टक्के. सगळा कार्बन फक्त त्यात गेला असे धरले तरी मजल दोन टक्क्यांपर्यंतच. आणि आमच्या छायाचित्रांवर जाळी ठेवून मोजले, तर अवक्षेपांनी चार ते पाच टक्के क्षेत्र व्यापले होते.

ताळा जुळत नव्हता. निम्म्याहून जास्त अवक्षेप कार्बनशिवाय बनलेले असणार होते. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा. त्याला यंत्र लागत नाही आणि तो पहिल्या दिवशीही करता आला असता. या प्रकरणातले एकच पान कोणी वाचणार असेल, तर त्याने हे वाचावे असे मला मनापासून वाटते.

त्याच दुपारी मुराकामी द्रावण वापरून पाहिले: १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड आणि १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड. या द्रावणाजवळ आम्ल फिरकू द्यायचे नाही, विषारी सायनाइड वायू सुटतो. थंड द्रावणात कार्बाइडे गडद होतात, सिग्मा कोराच राहतो. ८० अंशांच्या वर तापवले की सिग्माही रंग धरतो. आमच्या नमुन्यात थंड द्रावणानंतर सीमांवर बारीक काळे ठिपके आले आणि त्यांच्यामध्ये मोठे पांढरे कण तसेच राहिले. गरम केल्यावर ते पांढरे कणही रंगले. हा पुरावा अंतिम नव्हे, पण दिशा कळली.

तोलून पाहिलेले पर्याय

रचनेची खात्री करायची कशी, यावर तासभर चर्चा झाली. अख्ख्या नमुन्यावर पुन्हा, जास्त वेळ एक्स-रे घ्यावा ही पहिली सूचना. ती मी नाकारली, कारण अडचण वेळेची नव्हती. एम२३सी६ ची (५३१) रेषा १.८० अँगस्ट्रॉमला पडते, आणि ऑस्टेनाइटची (२००) ही तिथेच. एम२३सी६ ची सर्वांत ठळक रेषा २.०४ ला, ती ऑस्टेनाइटच्या २.०८ च्या उतारावर बुडते. सिग्माची (३३०) २.०७ ला, म्हणजे तीही त्याच डोंगराखाली. कितीही तास यंत्र चालवले, तरी डोंगर हलणार नव्हता.

ईबीएसडी (परतणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या पट्ट्यांवरून कणाची रचना ओळखण्याची पद्धत) सिग्मासाठी उत्तम. चतुष्कोनी रचना ऑस्टेनाइटपासून सहज वेगळी पडते. पण एम२३सी६ आणि ऑस्टेनाइट एकाच घनाकार कुळातले, एकाच दिशेने बसलेले; त्यांच्या पट्ट्यांमधले कोन तेच असतात आणि संगणक त्यांची गल्लत करतो. शिवाय यंत्राची पाळी मिळायला चार दिवस होते.

तिसरा मार्ग म्हणजे ऑस्टेनाइट विरघळवून टाकायचे आणि उरलेली पूड तपासायची. ही जुनीच वाट आहे. काय फेज १९४९ मध्ये अँड्र्यूज यांनी अशाच अवशेषातून ओळखली होती. आम्ही हाच मार्ग घेतला, आणि त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन.

प्रत्यक्ष काय केले

मिथेनॉलमध्ये १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात नमुना धन टोकाला जोडून हलका विद्युतप्रवाह. रात्रभरात द्रावण हिरवट झाले आणि नमुन्यावर काळी, मखमलीसारखी साय धरली. ती मिथेनॉलमध्ये धुऊन, सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून वाळवली. कुपीच्या तळाशी चिमूटभर काळी पूड उरली. विरघळलेल्या वजनाच्या तुलनेत ती चार टक्क्यांहून थोडी जास्त भरली, म्हणजे छायाचित्रांवरच्या मोजणीला पुष्टी मिळाली.

पुडीच्या एक्स-रे आलेखात ऑस्टेनाइट जवळजवळ नव्हते आणि आधी झाकलेल्या रेषा उघड्या पडल्या. २.१३ ला रेषा होतीच, पण आता ती एकटी नव्हती. तिच्यासोबत २.०७, २.०२, १.९७, १.९३ आणि १.८९ अशा रेषा रांगेने उभ्या होत्या. ८.८ आणि ४.५६ च्या चतुष्कोनी कोशातून हीच रांग निघते. एम६सी धरले तर २.१३ नंतरची ठळक रेषा, (४४०), १.९६ ला पडायला हवी. तिथे रेषा नव्हती, होती ती १.९७ ला. फरक लहान वाटतो, पण पुडीच्या आलेखात एक शतांश अँगस्ट्रॉम सहज वेगळा करता येतो.

एम२३सी६ ही होते, २.३७ आणि २.१७ च्या रेषांसह. इथे मला एक तपशील आवडतो. २.३७ ही एम२३सी६ ची (४२०) रेषा. एम६सी ची रचना हिऱ्याच्या समरूपतेची, म्हणून तिच्यात (४२०) निषिद्ध आहे. अहवाल लिहिताना आम्ही म्हणालो, झाले, कार्बाइड एम२३सी६ च. मग लक्षात आले की लाव्हेस फेजच्या षट्कोनी कोशात, ४.७३ आणि ७.७२ अँगस्ट्रॉम, (११०) ही रेषा २.३७ च्या अगदी कडेला पडते आणि (१०३) २.१८ ला. म्हणजे एका चुकीच्या जुळणीतून सुटून आम्ही दुसरीत पडणार होतो. त्या दोन रेषांवर विसंबणे सोडले आणि १.८८ च्या रेषेकडे वळलो. ती एम२३सी६ ची (४४०), पण सिग्माची एक रेषा तिथेच होती. पुडीच्या आलेखातून पूर्ण निवाडा होणार नाही हे तेव्हा मान्य केले.

उरलेले काम ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने केले. कार्बनच्या पापुद्र्यावर उचललेल्या कणांमागे स्टील नसते, त्यामुळे रासायनिक विश्लेषण निर्मळ मिळते. पहिल्या अहवालात नेमके तेच झाले नव्हते: अर्ध्या मायक्रॉनचा कण, आणि एक्स-रे गोळा झालेले क्षेत्र त्याहून मोठे. वाइस आणि स्टिकलर यांच्या आकड्यांप्रमाणे सिग्मात सुमारे २९ टक्के क्रोमियम आणि ११ टक्के मॉलिब्डेनम, लाव्हेसमध्ये ४५ टक्के मॉलिब्डेनम, तर एम२३सी६ मध्ये ६३ टक्के क्रोमियम. आमचे मोठे कण पहिल्या गटात बसले, सीमेवरचे बारीक कण तिसऱ्यात आणि दाण्यांच्या आतल्या काही सुया दुसऱ्यात.

तरी रासायनिक आकडे म्हणजे रचना नव्हे. म्हणून एका मोठ्या कणावर इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन घेतले. पहिल्या दिशेने ठिपक्यांची स्वच्छ चौकट आली. चौकट घनाकारातूनही येते, चतुष्कोनीतूनही. कोश वरून पाहिला तर दोन्ही चौकोनच. मग कण कडेला झुकवत नेला. घनाकार असता तर उभ्या दिशेचे अंतर आडव्याइतकेच निघाले असते. ते निघाले त्याच्या जवळपास निम्मे, ४.५६. पडद्यावर ती दुसरी चौकट लांबट होताना पाहिली, तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले. सिग्मा होता.

निष्पत्ती

चार्पी (घाव घालून नमुना तोडून चिवटपणा मोजण्याच्या) चाचणीत जुन्या पाइपचा नमुना खोलीच्या तापमानाला १४ ज्यूलला तुटला. नव्या ३१६ कडून शंभरच्या वरची अपेक्षा असते. ३०० °से. ला तोच पाइप ५० च्या पुढे गेला. चालू असताना तो निभावून नेत होता, थंड झाल्यावर नव्हे, हे यातून स्पष्ट झाले. कठीणपणा मात्र नव्या पाइपपेक्षा जेमतेम वाढला होता. आमच्या नेहमीच्या फेरीत फक्त कठीणपणा मोजला जात असे, म्हणून इतकी वर्षे कोणाला काही जाणवले नाही.

तडकलेला वेल्ड कापून काढला. जुन्या पाइपच्या टोकाला इंडक्शन कॉइल बसवून १०६० °से. ला तासभर ठेवले आणि झटकन थंड केले, म्हणजे सिग्मा आणि कार्बाइड दोन्ही विरघळून क्रोमियम-मॉलिब्डेनम पुन्हा ऑस्टेनाइटमध्ये परतले. कॉइलच्या कडेला तापमान उतरत जाते, तिथे सिग्मा तसाच राहतो. म्हणून तापवलेला पट्टा रुंद घेतला आणि वेल्ड त्याच्या मध्यावर बसेल असे पाहिले. वेल्डच्या आधी पट्ट्यावर पुन्हा गरम मुराकामी. पांढरे-रंगीत कण गेले होते. या वेळी डाय-पेनिट्रंटमध्ये लाल रेघ आली नाही.

थंड पाण्याची दाब-चाचणी घेतली नाही. तिच्या जागी पूर्ण रेडिओग्राफी आणि गरम अवस्थेतली गळती-तपासणी, दोन्ही निरीक्षकाच्या लेखी संमतीने. धातूचे तापमान ३०० अंशांवर गेल्याशिवाय पूर्ण दाब द्यायचा नाही, अशी ओळ सुरू करण्याच्या पद्धतीत घातली. बंद दोन दिवस लांबला. पुढच्या बंदमध्ये पूर्ण पाइप बदलला गेला.

वेगळे काय करता आले असते

मागणीपत्रात निर्णय लिहायला हवा होता. "थंड दाब-चाचणी घ्यायची आहे, सिग्मा आहे का?" असे विचारले असते, तर प्रयोगशाळेने २.१३ ची एक रेषा धरून निष्कर्ष काढला नसता असे मला वाटते. त्या लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले.

मुराकामी चाचणी आमच्याच प्रयोगशाळेत, एका तासाची होती. बाहेरच्या अहवालाची वाट पाहताना ती कोणी सुचवली नाही, कारण मोठ्या यंत्राचे उत्तर येणार आहे म्हटल्यावर बाटलीतल्या द्रावणाकडे लक्षच जात नाही. माझेही गेले नाही.

जुन्या वेल्डचे नमुने आम्ही घेतले नाहीत, याची रुखरुख अजून आहे. वेल्ड-धातूत थोडा डेल्टा फेराइट (ऑस्टेनाइटहून वेगळ्या रचनेचा घटक) ठेवलेला असतो आणि तो ऑस्टेनाइटपेक्षा कितीतरी लवकर सिग्मात बदलतो, त्यामुळे मूळ पाइपपेक्षा तिथली स्थिती वाईट असण्याची शक्यताच जास्त. ३०० अंशांची मर्यादा आम्ही पाइपच्या आकड्यांवरून ठरवली. ती वेल्डच्या आकड्यांवरून ठरायला हवी होती. पुढच्या बंदपर्यंत काही झाले नाही, पण त्यामुळे तो निर्णय बरोबर ठरत नाही.

मूळ, न तापलेल्या पाइपचा तुकडाही कोणी जपला नव्हता. नवा पाइप बसवताना दोन तुकडे बाजूला काढून, त्यावर हीट नंबर (स्टीलच्या ओतणीचा क्रमांक) ठोकून कपाटात ठेवले.

पुडीच्या आलेखात २.०९ अँगस्ट्रॉमला एक क्षीण रेषा होती. काय फेजची सर्वांत ठळक रेषा, (४११), तिथेच पडते. अहवालाच्या मसुद्यात कोणीतरी "काय फेज, अल्प प्रमाणात" असे लिहिलेही होते. तिच्या साथीच्या १.९० आणि १.८१ या रेषा शोधल्या, त्या वेगळ्या अशा दिसल्या नाहीत. पापुद्र्यावरच्या कणांतही २२ टक्के मॉलिब्डेनमचा, काय फेजच्या घडणीचा एकही कण सापडला नाही. अंतिम तक्त्यात त्या रेषेसमोर फेजचा रकाना कोरा ठेवला आहे आणि उरलेली पूड त्याच कुपीत, तारीख आणि नमुना क्रमांक लिहून, जपली आहे.